ऑटिझमच्या थेरपीचा उपयोग होतो का, आणि तो ओळखायचा कसा

प्रश्न वाळपईजवळच्या एका आईचा आहे. मुलगा तीन वर्षं चार महिन्यांचा. पाच महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. एका केंद्राने आठवड्याला ४० तासांची थेरपी सांगितली, दुसरीकडे आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी पुरे म्हणाले आणि नात्यातल्या एकाने स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) उपचाराच्या पॅकेजचं पत्रक आणून दिलं. घरात कोकणी बोलतात, आजोबा मराठी गोष्टी वाचून दाखवतात. कुणीतरी सांगितलं की आता याच्याशी फक्त इंग्रजीच बोला. त्या स्वतः प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी विचारलंय, "यातल्या कशाने खरंच फरक पडतो? मी नोकरी सोडू का? आणि तो बोलेल का?"

ताई, गोव्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना मला २२ वर्षं झाली. तुमचा पहिला प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, आणि त्यातल्या 'फरक' या शब्दापाशी मी दरवेळी थांबते. फरक कशात पडायला हवा हे ठरल्याशिवाय कुठल्याही थेरपीचा उपयोग झाला की नाही हे सांगता येत नाही. हे मला एका आईने शिकवलं.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा यायचा. टेबलासमोर बसवून मी त्याला चित्रांची कार्डं दाखवायची. कप, बॉल, गाय, छत्री. सहा महिन्यांत तो साठेक चित्रांची नावं सांगू लागला. वहीत मी आलेख काढला होता, रेघ सरळ वर चढलेली. तो आलेख मी त्याच्या आईपुढे कौतुकाने ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या खोलीत तो 'कप' म्हणतो. घरी तहान लागली की अजून माझा हात ओढत फ्रिजपाशी नेतो आणि रडतो." माझी रेघ खरी होती आणि तिचं म्हणणंही खरं होतं. मुलगा माझी कार्डं ओळखायला शिकला होता. पाणी मागायला मी त्याला शिकवलंच नव्हतं.

संशोधनातही नेमकी हीच अडचण आहे. जे शिकवलं तेच, त्याच खोलीत, त्याच माणसासोबत मोजलं तर जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम चांगला दिसतो. तेच मूल दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासोबत, न शिकवलेल्या प्रसंगात काय करतं हे मोजलं की आकडे खाली येतात. शिवाय मोजतं कोण, हाही प्रश्न असतो. आपलं मूल थेरपीच्या गटात आहे हे ठाऊक असलेल्या आईबाबांनी भरलेली प्रश्नावली, आणि मूल कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या माणसाने चित्रफीत बघून केलेली मोजणी, यांत मोठं अंतर पडतं. संशोधक सँडबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा २०२० मध्ये घेतला आणि २०२३ मध्ये तो वाढवला. दुसऱ्या खेपेला त्यात २५२ अभ्यास आणि १३,३०४ मुलं होती. कच्चे पुरावे बाजूला सारल्यावर जे टिकलं त्यात मुख्यतः रोजच्या खेळाच्या आणि व्यवहाराच्या ओघात शिकवणारे कार्यक्रम होते, आणि त्यांचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो सामाजिक संवादात, म्हणजे मूल आपणहून किती वेळा आपल्याकडे वळतं, दाखवतं, मागतं यात. परिणाम होता, पण माफक. जाहिरातीत दिसतो तेवढा कुठेच नव्हता.

आता ते ४० तास. हा आकडा कुठून आला हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९८७ साली कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ आयव्हार लोवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान मुलांना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, आठवड्याला सुमारे ४० तास, एकास एक असं शिकवलं. त्यांतली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली आणि त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण निघाला. त्या काळी ऑटिझमच्या मुलांबाबत डॉक्टर हात टेकायचे. अशा वेळी ही बातमी किती मोठी वाटली असेल, याची कल्पना करा. तिथूनच 'निम्मी मुलं बरी होतात' हे वाक्य जगभर पसरलं. पण ती मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती. कोणाला किती तास द्यायचे हे थेरपिस्ट किती उपलब्ध आहेत यावरून ठरलं होतं. आणि त्या पद्धतीत मोठ्याने 'नाही' ओरडणं, मांडीवर चापट मारणंही होतं. पुढे या सघन वर्तन-उपचारांवरचे बरे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा निकषात बसणारे फक्त पाच अभ्यास हाती लागले. सगळी मिळून २१९ मुलं, आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेला अभ्यास त्यांत एकच. निष्कर्ष असा की बुद्ध्यांक आणि दैनंदिन कौशल्यांत सुधारणा दिसते, पण पुरावा कमकुवत आहे. मग २०२४ मध्ये १४४ अभ्यासांतल्या नऊ हजारांवर मुलांचा हिशेब एकत्र मांडून एकच गोष्ट तपासली गेली. तास वाढवले की परिणाम वाढतो का? तसा ठाम संबंध सापडला नाही.

याचा अर्थ थेरपी कमी करा असा कुणी काढू नये. अर्थ एवढाच की '४० तास दिले नाहीत तर संधी गेली' हे वाक्य कुणी तुमच्या तोंडावर फेकलं तर त्यामागे पुरावा नाही. तीन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप लागते. त्याला आजोबांसोबत बागायतीत भटकायचं असतं. वाळपईहून पणजीला कदंबा बसने यायचं म्हटलं तरी एका फेरीत तासाहून जास्त वेळ जातो, आणि परतीच्या बसमध्ये थकून रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

वर्तन-उपचाराची तत्त्वं मात्र मी रोज वापरते. काम लहान पायऱ्यांत तोडणं, प्रयत्नाला ताबडतोब दाद देणं, आधार हळूहळू काढून घेणं. संडासला बसायला शिकवायचं असेल तर याहून चांगलं साधन माझ्याकडे नाही. माझा विरोध आहे तो मुलाला टेबलाशी बांधून ठेवण्याला आणि त्याच्या नकाराला किंमत न देण्याला.

दुसऱ्या टोकाला 'आठवड्यातून दोनदा' आहे. अर्धा-पाऊण तास थेरपिस्टच्या खोलीत, आई बाहेर बाकावर, शेवटी दोन मिनिटांत 'आज छान बसला'. असं चालणार असेल तर त्या दोन सत्रांतूनही फार काही होणार नाही, हे माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध जात असलं तरी सांगते. सत्रं दोन असोत की पाच, आई किंवा बाबा किंवा आजी आत हवी.

हे मी ज्याच्या आधारावर म्हणते तो पुरावा थोडा आपल्या मातीतलाही आहे. ब्रिटनमध्ये पालकांमार्फत संवाद वाढवणारा एक कार्यक्रम तयार झाला, त्याचं लघुनाव पॅक्ट. १५२ लहान मुलांवर त्याची चाचणी झाली आणि २०१० मध्ये निकाल आला. आईबाबांचं मुलाशी जुळवून घेणं स्पष्टपणे सुधारलं, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणं वाढलं, पण ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत म्हणावा तसा फरक दिसला नाही. अनेकांनी तेव्हा हा कार्यक्रम निकामी ठरवला. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं, आणि पॅक्ट मिळालेल्या गटात लक्षणांची तीव्रता कमी असल्याचं आढळलं. आईबाबांमध्ये पेरलेलं उगवायला वर्षं लागली.

हाच कार्यक्रम दक्षिण आशियासाठी बदलून गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत वापरला गेला. इकडे ते काम पर्वरीच्या संगाथ या संस्थेने केलं. १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करणारी ही संस्था तुम्हाला ऐकून माहीत असेल. नाव ठेवलं पास. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं, पंधरवड्याला एक अशी १२ सत्रं, आणि ती घ्यायला तज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. आई आणि मूल दहा मिनिटं खेळतात, त्याची चित्रफीत घेतात, मग आई आणि कार्यकर्ता शेजारी बसून ती बघतात. कुठे मुलाने बघितलं, कुठे तो हात पुढे करणार होता आणि आपण घाईने आधीच दिलं, कुठे आपण गप्प राहिलो आणि तो बोलला. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आईबाबांचं मुलाच्या लक्षाशी जुळवून बोलणं खूप वाढलं, मुलांचं आपणहून पुढाकार घेणंही वाढलं. एक मोजमाप उलट दिशेला गेलं, दोघांनी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवण्याचा वेळ थोडा घटला, आणि संशोधकांनी ते लपवलं नाही. मला या अभ्यासाबद्दल आदर वाटतो त्याचं हेही एक कारण आहे.

तज्ज्ञ कमी, गावं दूर, अशा जागी काय चालेल याचं उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं, आणि तरी आपल्याकडच्या किती आयांना त्याची माहिती आहे? बारा सत्रं. आईच्या हातात कौशल्य. थेरपिस्ट निघून गेली तरी ते घरात राहतं.

मुलाच्या लक्षाशी जुळवून बोलणं म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगते. मुलगा गाडीचं चाक फिरवतोय. आपण काय करतो? "गाडी कुठल्या रंगाची? सांग, सांग ना. हे बघ इकडे!" हे तिन्ही त्याच्या लक्षाच्या बाहेरचं. त्याऐवजी शेजारी जमिनीवर बसायचं, चाक फिरलं की "गरऽगर" म्हणायचं, चाक थांबलं की "थांबलं" म्हणायचं, आणि मग गप्प बसायचं. मनात पाच आकडे मोजायचे. त्या पाच आकड्यांत मूल तुमच्याकडे बघतं, तुमचा हात चाकाकडे नेतं किंवा आवाज काढतं. तोच पुढाकार. सुरुवातीला आयांना सर्वांत अवघड जातं ते गप्प बसणं, आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुम्हाला जरा जास्तच जाईल. वर्गात प्रश्न विचारून उत्तर काढायची सवय असते.

असाच, पण थेरपिस्ट जास्त तास देणारा एक कार्यक्रम म्हणजे अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल. २०१० च्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं होती. दोन वर्षांनी त्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी १७.६ गुणांनी वाढला, तुलनेच्या गटाचा ७ गुणांनी. हा आकडा पत्रकांवर छापलेला दिसेल. ज्या तपासणीने ऑटिझमच्या लक्षणांची तीव्रता मोजतात, तिच्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता, हे पत्रकावर दिसणार नाही. म्हणून पुन्हा तोच प्रश्न, फरक कशात?

आता भाषा. 'फक्त इंग्रजी बोला' हा सल्ला गोव्यात इतक्या घरांत दिला गेलाय की त्याचं मला खरोखर दुःख होतं. दोन किंवा तीन भाषा ऐकल्याने ऑटिझमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. एकभाषी आणि बहुभाषी घरांतल्या मुलांची तुलना अनेकदा झाली आहे. उलट नुकसान कशाने होतं ते मी डोळ्यांनी पाहते. ज्या आईला इंग्रजीत लाड करता येत नाहीत ती मुलाशी कमी बोलू लागते. 'कम', 'सिट', 'गिव्ह' एवढ्यावर येते. आजी तर पूर्ण गप्प होते, कारण तिला इंग्रजी येत नाही. मग घरात मुलाशी रसाने बोलणारं कुणी उरत नाही. तुम्ही ज्या भाषेत रागावता आणि ज्या भाषेत झोपवता, तीच बोला. त्याने पाण्याला 'उदक' म्हटलं तर तो शब्दच आहे. आजोबांचं मराठी वाचन बंद करू नका, फक्त पुस्तक त्याच्या हातात द्या आणि पानं तो उलटेल त्या क्रमाने वाचा.

बोलणं येईपर्यंत चित्रं किंवा टॅबलेट दिला तर तो आळशी होईल, कधीच बोलणार नाही, अशी भीती घालणारेही भेटतील. या भीतीला आधार नाही. चित्रांनी संवाद करणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासांत बोलणं घटल्याचं दिसत नाही, काहींचं थोडं वाढतंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं मोफत अ‍ॅप आहे, चेन्नईत तयार झालेलं आवाज आहे. पण मी बहुतेक घरांत सुरुवात फोनवर काढलेल्या सहा फोटोंनी करते, छापून फ्रिजवर लावलेल्या. उदक, पाव, बाहेर, मोबाइल, झोपाळा, 'नको'. यांतला 'नको' सर्वांत महत्त्वाचा. ज्या मुलाला 'नको' सांगता येतं त्याला चावून सांगावं लागत नाही.

स्टेम सेलबद्दल माझं मत एका ओळीचं आहे. ते पत्रक फाडून टाका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांचा प्रचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरी लोक जमीन विकून पैसे भरतात, आणि काही आईबाबा 'थोडा फरक पडला' असंही मनापासून सांगतात. ते खोटं बोलत नसतात. हे कसं होतं ते कळावं म्हणून सिक्रेटिनची गोष्ट सांगते. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत बातमी पसरली की सिक्रेटिन नावाच्या पचनाशी संबंधित हार्मोनच्या एका इंजेक्शनने ऑटिझमच्या मुलाला फरक पडला. हजारो पालक मागे लागले. मग चाचणी झाली. साठ मुलांपैकी निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय हे पालकांना माहीत नाही. दोन्ही गटांत मुलं सुधारलेली दिसली, सारखीच. औषधाचा उपयोग नाही हे सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला ते हवंच आहे. आशा असलेलं माणूस वाढणाऱ्या मुलाकडे बघतं तेव्हा त्याला प्रत्येक गोष्टीत औषध दिसतं. शिवाय आपण डॉक्टरकडे धावतो तेव्हा मूल सर्वांत वाईट काळातून जात असतं, आणि वाईट काळ काहीही न करता थोडा ओसरतोच.

शरीरातले धातू काढणारं चिलेशन तर जीवघेणं आहे. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलाचा त्यात मृत्यू झाला. दाबाखालच्या ऑक्सिजनचाही उपयोग दिसलेला नाही. गहू आणि दूध बंद करण्याबाबत पुरावा अपुरा आहे, आणि आधीच जे मूल फक्त भात, तळलेल्या मासळीची तुकडी आणि दूध एवढंच खातं, त्याचं दूध काढून घेतलं तर उरतं काय?

औषधांबाबत थोडक्यात. ऑटिझमचं मूळ बदलणारं औषध आज नाही. फार चिडचिड, स्वतःला मारून घेणं अशा वेळी रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि त्यांचा उपयोग होतो, वजन वाढण्यावर लक्ष ठेवावं लागतं. झोपेसाठी मेलाटोनिनचा पुरावा चांगला आहे. झोप सुधारली की थेरपीचा निम्मा भार हलका होतो. म्हणून नवीन मूल आलं की मी पहिल्या दिवशी शब्दांआधी झोप विचारते.

ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग ठरावीक कामासाठी जास्त चांगला होतो. बटण लावणं, चमचा धरणं, दात घासू देणं. वजनदार जॅकेट, अंगावर ब्रश फिरवणं, विशिष्ट संगीत ऐकवणं यांतून बोलणं येईल असं कुणी म्हणालं तर विचारा, कसं मोजणार?

एक गोष्ट कार्यक्रमांच्या यादीत कधी येत नाही. मुलाला बदलायच्या योजना आपण पुष्कळ आखतो, घर आणि गाव थोडं बदलायचं कुणी सांगत नाही. चतुर्थीला तुमच्याकडे घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने आरती, होत असेल. शामेळं हे ताशासारखं वाद्य आणि झांज बंद खोलीत वाजली की यांतली काही मुलं किंचाळतात, आणि पाहुण्यांसमोर आई ओशाळते. एका घरात आम्ही ठरवलं की मुलगा आरतीला अंगणात काकासोबत राहील, कानांवर हेडफोन, आणि आरती संपल्यावर प्रसाद वाटायला येईल. दुसऱ्या वर्षी तो दारापर्यंत आला. त्याच घरात माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना त्याला कांगलं हे रानफळ, आंबाडे, नारळांचा घोस हातात धरायला दिला, आणि माटोळीखाली तो आपणहून बोट दाखवायला शिकला. माझ्या खोलीत ते सहा महिन्यांत झालं नव्हतं.

तुम्ही मुलाबद्दल विचारलंय, पण ज्यांची मुलं मोठी झाली तेही हे वाचतील म्हणून लिहिते. पंधरा वर्षांनंतर काही करून उपयोग नाही, असं मुळीच नाही. संशोधन तिथे फार थोडं झालंय, पण जे झालंय त्यात एक अभ्यास मला नेहमी आठवतो. अमेरिकेत १८ ते २१ वयाच्या तरुणांना नऊ महिने हॉस्पिटलातल्या खऱ्या कामावर, मदतनीस सोबत देऊन, उमेदवारी करू दिली. २०१४ साली निकाल आला. २४ जणांपैकी २१ जण नोकरीला लागले, तुलनेच्या गटातल्या १६ पैकी एक. वर्गात बसवून दिलेल्या धड्यांनी हे होत नाही, खऱ्या जागेवर खरं काम करूनच होतं. म्हापशात माझा एक जुना विद्यार्थी काजूच्या दुकानात पाकिटं भरतो. शब्द फारसे नाहीत. भिंतीवर कामाच्या क्रमाची पाच चित्रं लावली आहेत. शुक्रवारी बाजार भरतो तेव्हा तो सकाळी सातला येऊन गर्दीआधी घरी जातो. ही मुभा दुकानदाराने दिली, आणि मी तिला पूर्ण उपचार समजते.

नुकसानाबद्दलही बोलायला हवं. लहान मुलांवरच्या १५० अभ्यासांचे अहवाल तपासले तेव्हा त्यांतल्या १३९ मध्ये मुलांना काही त्रास झाला का याचा उल्लेखही नव्हता. म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. थेरपीच्या दिवशी तो दारापाशी हटून बसतो का, त्या रात्री झोपतो कसा, नवीन सवयी लागल्यात का. हात फडफडवणं बंद करणं हे कुणी पहिलं उद्दिष्ट म्हणून सांगितलं तर तिथून उठा. त्या फडफडण्याने कुणाला इजा होत नाही, आणि आनंदात ते करणाऱ्या मुलाचा आनंद बंद करायचा कशाला? याच कारणाने मी 'स्वमग्न' हा शब्दही वापरत नाही. ही मुलं स्वतःतच बुडालेली नसतात, त्यांची आपल्याकडे यायची वाट वेगळी असते.

केंद्र निवडताना इमारत बघू नका. मी आत बसू शकते का, पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय बदलावं असं तुम्हाला वाटतं, आणि ते बदललं नाही तर तुम्ही काय कराल, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे जाऊ नका. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव घाला, तिथे पैसे लागत नाहीत. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे शाळेत हक्काने मागता येईल. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा विमा मिळतो, त्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग येतो.

नोकरीचं. सोडू नका, निदान या वर्षी तरी. तुमच्या पगारावर घर चालतं की नाही मला माहीत नाही, पण दिवसभर घरी बसून थेरपिस्ट झालेली आई वर्षभरात मोडते, हे मी पाहिलं आहे. मुलाला दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटांची तुमची पूर्ण सोबत हवी. ती जेवण, अंघोळ, झोप यांच्या पोटातच बसते, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. उरलेला वेळ आजोबा सांभाळतात तसं सांभाळू द्या, फक्त त्यांनाही शिकवू.

आणि तो बोलेल का? चौथ्या वर्षी ज्यांना वाक्यांश जुळवून बोलता येत नव्हतं अशा ५३५ ऑटिझमच्या मुलांचा अमेरिकेत मागोवा घेतला गेला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली, ४७ टक्के सहज बोलू लागली. तुमचा मुलगा तर अजून चारचा झालेला नाही. कोणत्या गटात तो जाईल हे आज मी सांगू शकत नाही, जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तो उरलेल्या ३० टक्क्यांतला निघाला तरी त्याला मागता, नाकारता, हसता आणि दाखवता येईल इतपत संवाद आपण उभा करू शकतो.

सुरुवात उद्या सकाळी करा. पोदेर (पाववाला) सायकलवरून येतो तेव्हा त्याचा भोंपू वाजतो आणि मुलगा कान टवकारतो, असं तुम्ही लिहिलंय. उद्या भोंपू ऐकू आला की दार उघडू नका. त्याच्या शेजारी खाली बसा, "पोंऽ पोंऽ" म्हणा आणि पाच मोजा. तो तुमच्याकडे बघेल, दाराकडे हात करेल किंवा तुम्हाला ओढेल. त्या क्षणी "पाव जाय!" (पाव हवा!) म्हणत दार उघडा. 'म्हण, म्हण' करू नका. नवऱ्याला फोन धरायला सांगा, दोन मिनिटांची चित्रफीत पुरे. पंधरा दिवस रोज एवढंच, आणि त्याने आपणहून किती वेळा तुमच्याकडे वळून पाहिलं तेवढं कॅलेंडरवर रेघा मारून ठेवा. पंधरा दिवसांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या चित्रफिती घेऊन या, आपण शेजारी बसून बघू. आजोबांनाही आणा.